सहा मिनिटांचा आकडा आणि दिवाळी अंकांची पिशवी

नवरात्र संपत आले की ठाण्याच्या नौपाड्यात, डोंबिवलीच्या फडके रोडवर, कल्याणच्या टिळक चौकाच्या आसपास एकाच प्रकारची पिशवी लोकांच्या हातात दिसू लागते. आत दोन-तीन दिवाळी अंक, घरातल्या लहानग्यासाठी गोष्टींचे एखादे पुस्तक आणि वर कोथिंबिरीची जुडी. अंक घ्यायला म्हणून माणूस दुकानात शिरतो, पंधरा मिनिटे नुसतीच पुस्तके चाळतो, मालकाशी यंदा कोणता अंक कधी येणार यावर दोन शब्द बोलतो आणि बाहेर पडतो तेव्हा आत शिरताना होता त्याहून जरा निवांत दिसतो.

आपल्याकडचा शरद म्हणजे पानगळ आणि लोकरी शाल नव्हे. हवामान खात्याने २०२० मध्ये बदललेल्या वेळापत्रकानुसार मुंबईतून नैर्ऋत्य मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. ढगांचे छत जाते, जमिनीत आणि खाडीकाठच्या हवेत ओल मात्र राहते, ऊन थेट उतरते आणि कमाल तापमान ३३-३४ अंशांवर जाऊन बसते. या ऋतूत पित्त खवळते असे आयुर्वेद सांगतो. पित्ताचे काय ते वैद्य पाहतील, पण चिडचिड वाढते हे संध्याकाळी सहाच्या कल्याण लोकलमध्ये कोणालाही पडताळता येईल. त्यातच परीक्षा, दिवाळीची खरेदी, बोनसची वाट आणि गावाकडच्या गाडीचे न मिळणारे आरक्षण. अशा दिवसांत पुस्तकांनी बरे वाटते, असे या तिन्ही शहरांतले वाचक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्या बरे वाटण्यात शरीराच्या आणि मनाच्या दृष्टीने खरे किती, हा प्रश्न मात्र अलीकडचा.

पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द इथे अतिशयोक्तीचा नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांपैकी. डोंबिवलीत पुंडलिक पै यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली फ्रेंड्स लायब्ररी आज शहराच्या ओळखीचा भाग आहे, आणि तिथल्या पुस्तक आदान-प्रदान उपक्रमात लोक घरातली वाचून झालेली पुस्तके देऊन दुसरी घेऊन जातात. दिवाळी अंकाची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली. एकरकमी वर्गणी भरा आणि पुढचे काही महिने अंक बदलून नेत राहा, ही वाचनालयांची योजना तर इथल्या कित्येक घरांच्या वार्षिक खर्चाचा ठरलेला भाग असते.

आता आकड्यांकडे. वाचनाच्या फायद्यांवर मोबाइलवर फिरणाऱ्या प्रत्येक संदेशात एक वाक्य हमखास असते: फक्त सहा मिनिटे वाचन केल्याने ताण ६८ टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा आला २००९ मध्ये, ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाशी निगडित एका प्रयोगशाळेतून. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लुईस यांनी लोकांना आधी ताण येईल असे काही करायला लावले, मग कोणाला वाचायला दिले, कोणाला संगीत ऐकवले, कोणाला चहा दिला, आणि नाडीचे ठोके व स्नायूंवरचा ताण मोजला. वाचन पहिले आले. संगीत ६१ टक्के, चहा ५४ टक्के, चालणे ४२ टक्के, असा तो क्रम वर्तमानपत्रांत झळकला.

अडचण अशी की प्रयोगातली माणसे मोजकीच होती. तज्ज्ञांनी तपासून स्वीकारलेला शोधनिबंध म्हणून तो अभ्यास कोणत्याही नियतकालिकात आला नाही. तो करून घेतला होता एका चॉकलेटच्या ब्रँडने, पुस्तके फुकट वाटण्याच्या जाहिरात मोहिमेसाठी. म्हणजे निष्कर्ष खोटाच असेल असे नाही, पण ६८ या आकड्यावर काहीही उभारण्यासारखे नाही. ‘सहा मिनिटे’ तर औषधाच्या मात्रेसारखी वाटतात म्हणून लोकांच्या लक्षात राहिली. चहाने ताण ५४ टक्के कमी होतो हे वाक्य मात्र कोणी पुढे ढकलत नाही, कारण चहाला इथे कोणाच्या शिफारशीची गरज नाही.

त्यापेक्षा भरवशाचा पुरावा आहे तो झोपेबद्दल, आणि ऑक्टोबरात झोप हाच खरा प्रश्न असतो. आयर्लंडमधल्या गॉलवे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ च्या डिसेंबरमध्ये ‘पीपल्स ट्रायल’ नावाचा एक वेगळा प्रयोग केला. कोणत्या प्रश्नावर चाचणी घ्यायची हेही सर्वसामान्य लोकांनीच ठरवले. त्यांनी निवडलेला प्रश्न होता: अंथरुणात पडून पुस्तक वाचल्याने झोप सुधारते का? ९९१ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाने सात दिवस झोपण्यापूर्वी अंथरुणात पुस्तक वाचायचे, दुसऱ्याने वाचायचे नाही. शेवटपर्यंत उत्तरे आली ७७४ जणांची. वाचणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोक म्हणाले झोप सुधारली; न वाचणाऱ्यांत तसे म्हणणारे २८ टक्के होते.

या आकड्यांकडे नीट पाहण्यासारखे आहे. काहीही न करता २८ टक्क्यांना झोप सुधारल्यासारखे वाटले, म्हणजे प्रयोगात सहभागी होण्यानेच काही फरक पडतो. वाचनाचा स्वतःचा वाटा उरतो तो १४ टक्क्यांच्या फरकाचा, दर सात माणसांमागे साधारण एक. शिवाय झोप यंत्राने मोजलेली नव्हती, लोकांनी सांगितलेली होती. आणि पुस्तक वाचतो आहोत की नाही हे वाचणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे औषधाच्या चाचणीतल्यासारखी आंधळी तपासणी इथे शक्यच नसते. तरीही सातातल्या एकाला, गोळी न घेता आणि वाचनालयाच्या वर्गणीत, झोप बरी लागत असेल तर ते थोडेथोडके नाही.

वाचताना नेमके काय होत असावे? एक पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. काळजी ही बरीचशी शब्दांत चालते. उद्याचा हप्ता, मुलीची दहावी, साहेबांचा मेल, हे सगळे आपण मनातल्या मनात बोलत असतो. वाचनालाही तोच आतला आवाज लागतो. एका वेळी दोन वाक्ये मनात नीट म्हणता येत नाहीत, म्हणून गोष्टीतले वाक्य सुरू झाले की हप्त्याचे वाक्य मागे पडते. टीव्ही पाहताना किंवा मोबाइलवर बोट फिरवताना आतला आवाज मोकळाच राहतो आणि काळजी आपले काम चालू ठेवते. भराभर पाने उलटूनही काहीच डोक्यात न शिरण्याचा अनुभव येतो, तेव्हा काळजीने वाचनाला हरवलेले असते. अशा वेळी जड ग्रंथाऐवजी हलकी कथा किंवा आधी वाचलेले, आवडते पुस्तक उपयोगी पडते. तेच तेच पुस्तक पुन्हा वाचणाऱ्यांना घरात टोमणे बसतात, ते उगीच.

कागद की पडदा, यावरही थोडे. हार्वर्डशी संलग्न रुग्णालयात अ‍ॅन-मरी चँग आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. १२ निरोगी तरुणांनी पाच रात्री झोपण्यापूर्वी चार-चार तास उजळ पडद्यावर वाचले आणि पाच रात्री छापील पुस्तक. पडद्याच्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली, झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक निम्म्याहून अधिक दबले आणि दुसऱ्या सकाळी मरगळ जास्त राहिली. १२ माणसे, चार तास आणि पूर्ण तेजावरचा पडदा, ही परिस्थिती रोजच्या घरातली नव्हे हे खरे. पण मोबाइलचा खरा त्रास प्रकाशापेक्षा वेगळाच असतो: पुस्तकाचे प्रकरण संपते, मोबाइलवरचे काहीच संपत नाही.

डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद गाडीनेही साधारण तास लागतो. जाऊन-येऊन दोन, स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि फलाटावरची वाट धरून अडीच. पूर्वी या वेळात पुस्तके वाचली जात, असे जुने प्रवासी सांगतात. पण सकाळच्या गाडीत आज हात वर करून मोबाइल धरण्याइतकीच जागा मिळते, पान उलटायला दुसरा हात मोकळा नसतो. त्यामुळे प्रवासातले वाचन हे पंधरा डब्यांच्या गाड्यांच्या आणि जादा मार्गिकांच्या प्रश्नाशी बांधलेले आहे. रात्री साडेनऊला घरी पोहोचणाऱ्याला ‘रोज वाचा’ असा सल्ला देणे सोपे असते. त्याच्याकडे खऱ्या अर्थाने उरतात ती झोपण्यापूर्वीची वीस मिनिटे, आणि गॉलवेचा प्रयोग नेमका त्या वीस मिनिटांबद्दल आहे.

वाचणारे जास्त जगतात का, या प्रश्नावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१६ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. पन्नाशीपुढच्या ३,६३५ लोकांची १२ वर्षांची नोंद त्यांनी तपासली. पुस्तके वाचणाऱ्यांत त्या काळात मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी कमी आढळला. गटातली २० टक्के माणसे दगावण्याचा टप्पा वाचणाऱ्यांत २३ महिने उशिरा आला. शिक्षण, पैसा, आधीचे आजार, नैराश्य यांचा हिशेब वजा करूनही फरक राहिला, आणि वर्तमानपत्रे-मासिकांपेक्षा पुस्तकांचा परिणाम जास्त दिसला (दिवाळी अंक यांपैकी कशात मोडतो हे येलला माहीत असण्याचे कारण नाही). न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांपुढच्या ४६९ जणांवरच्या २००३ च्या अभ्यासात वाचन, पत्ते-सोंगट्यांसारखे बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण दोन्ही ठिकाणी नुसते निरीक्षण आहे. ज्याची नजर, स्मरण आणि उमेद शाबूत आहे तोच वाचत राहतो. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला तर माणूस निदान होण्याच्या कितीतरी आधी पुस्तक बाजूला ठेवतो. म्हणून आयुष्य वाढेल या आशेने वाचनालयाची वर्गणी भरू नये. उलट, वर्षानुवर्षे वाचणाऱ्या आजीने यंदा अंक उघडलेच नाहीत, तर तो आळस आहे असे समजण्यापूर्वी तिचा मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर आणि विसरभोळेपणा तपासून घ्यावा. दिवाळीला घरी आलेल्या लेकीसुनांच्या हे इतरांपेक्षा लवकर लक्षात येते.

दुकानात आणि वाचनालयात आणखी एक गोष्ट काम करते, ती वासाची. जुन्या कागदातले लिग्निन आणि सेल्युलोज हळूहळू विघटित होतात आणि त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल, फरफ्युरल, व्हॅनिलिन अशी उडून जाणारी द्रव्ये बाहेर पडतात. व्हॅनिलिन म्हणजे व्हॅनिला आइस्क्रीमचा वास देणारेच द्रव्य. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मातिया स्ट्रलिच यांच्या गटाने २००९ मध्ये ७२ जुन्या कागदांच्या वासावरून त्यांची प्रकृती ओळखण्याची पद्धत मांडली. पानाचा तुकडा न फाडता, नुसत्या वासावरून कागद किती खराब झाला आहे हे कळू लागले. म्हणजे वाचनालयातला तो सुखद वास हा खरे तर पुस्तक झिजत चालल्याचा वास आहे. नव्या अंकाचा वास वेगळा, तो शाईचा आणि बांधणीच्या गोंदाचा. इतर संवेदना मेंदूतल्या थॅलॅमस या चौकीतून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे बराचसा थेट पोहोचतो. त्यामुळे अंक उघडताच पंचवीस वर्षांपूर्वीची सहामाहीनंतरची सुट्टी आठवली, तर त्यात नवल नाही.

वासापेक्षाही मोठा भाग बहुधा काउंटरपलीकडच्या माणसाचा असतो. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी कॅनडात कॉफीच्या दुकानात एक साधा प्रयोग केला होता. काही गिऱ्हाइकांना सांगितले, झटपट कॉफी घ्या आणि निघा. काहींना सांगितले, देणाऱ्याकडे पाहून हसा, दोन शब्द बोला. बोलणाऱ्यांना नंतर अधिक प्रसन्न वाटले आणि आपण या लोकांतले आहोत ही भावना वाढली. जिवलग नसलेल्या, नुसत्या तोंडओळखीच्या माणसांशी होणारे हे बोलणे किती मोलाचे असते याचा अंदाज आपल्याला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा जाणवतो.

ठाणे-डोंबिवलीतल्या अनेक इमारतींत हे चित्र परके नाही. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा साता समुद्रापार, सोसायटी पुनर्विकासाला गेल्याने जुने शेजारी विखुरलेले, आणि आई-वडील भाड्याच्या अनोळखी घरात. अशा वेळी वाचनालयाच्या खिडकीतून ‘मागचं कसं वाटलं, काका?’ असे कोणीतरी विचारते आणि न सांगता एक पुस्तक बाजूला काढून ठेवलेले असते. जिना उतरणे, चालत जाणे, ओळखीचा नमस्कार, थोडी चर्चा, पुस्तकाचे ओझे घेऊन परत येणे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जायलाच हवे असे निमित्त. पुस्तक घरपोच मागवता येते, आणि गुडघे कुरकुरत असतील तर ती सोय चांगलीच. पण मग वरचे बाकी सारे गळून पडते. छोटी वाचनालये एकेक करून बंद होतात, तेव्हा मोजदाद पुस्तकांची होते. त्या खिडकीपाशी रोज येणाऱ्या माणसांची नोंद आरोग्याच्या कोणत्याच वहीत नसते.

पुस्तकाचा थेट उपचारात उपयोग करण्याची पद्धतही आहे. तिला ग्रंथोपचार म्हणता येईल. सौम्य ते मध्यम नैराश्यात, विचारांना वळण लावायला शिकवणारी पुस्तके तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वाचली तर उपयोग होतो, याला बरा आधार मिळाला आहे, आणि ब्रिटनमध्ये डॉक्टर अशी पुस्तके चिठ्ठीवर लिहूनही देतात. मराठी वाचकाला हे दुरून आणावे लागत नाही. ठाण्यात १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ उभी करणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘विषादयोग’, ‘स्वभाव-विभाव’ अशा पुस्तकांतून मनाच्या आजारांची आणि विवेकनिष्ठ विचारपद्धतीची ओळख साध्या मराठीत करून दिली आहे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे असतील तर पुस्तक पुरेसे नाही; डॉक्टरच हवेत. एके काळी आनंद देणारे पुस्तक आता हातात धरवत नाही, हेही त्यातलेच एक लक्षण असू शकते. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेवटी कपाटाकडे वळायला हवे, कारण दिवाळीची साफसफाई याच दिवसांत निघते आणि सुख देणारी पुस्तके त्याच आठवड्यात शिंकाही देतात. चार महिन्यांच्या पावसात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात राहते. साधारण ६५-७० टक्क्यांपुढे कागदावर बुरशी वाढू शकते. भिंतीला चिकटून असलेल्या कपाटात तर नक्कीच. तिच्या जोडीला कसर आणि धुळीतले माइट. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना याचा चांगलाच त्रास होतो. पुस्तके बाल्कनीत किंवा गच्चीवर सावलीत, वाऱ्यावर उभी उघडून ठेवावीत. कडक उन्हात ठेवू नयेत, कारण लिग्निन उन्हाने पिवळे पडते आणि कागद ठिसूळ होतो. बुरशी ओल्या फडक्याने पुसली तर आत मुरते. ती पूर्ण सुकू द्यावी आणि मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडावी. कसर लागलेले एखादे मोलाचे पुस्तक हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवता येते; बाहेर काढल्यावर ते घरातल्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर पाणी जमते.

डांबरगोळ्यांबाबत जरा सावध राहायला हवे. त्यातल्या नॅप्थलीनची वाफ बंद खोलीत साठते. काही जणांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. अशांच्या, विशेषतः तान्ह्या बाळांच्या, तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटतात आणि कावीळ होते. घरात बाळंतीण आणि बाळ असेल तर पुस्तकांच्या आणि कपड्यांच्या कपाटातून गोळ्या काढूनच टाकाव्यात. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, पुस्तके गच्च कोंबू नयेत, आणि ऑक्टोबरभर दुपारी दारे उघडी ठेवावीत. ज्याला दमा आहे त्याने हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे आणि धूळ बसेपर्यंत वाचनालयात जाऊन बसावे.